भाल्याचे यवन आणि टाक्याचे यवन

दिवाळीच्या सुटीत वडगाव निंबाळकरला बहिणीकडे जाण्याचा योग आला. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आसपास उसाचा मुलूख, शेताशेतांतून खेळणारे नीरा डाव्या कालव्याचे पाणी, आणि नदी ओलांडली की पलीकडे फलटण, निंबाळकरांचे जुने ठाणे. गावाच्या नावातच एका लढवय्या घराण्याचे आडनाव गोवलेले. अशा गावात दिवाळीला मुलांनी किल्ला केला नसता तरच नवल!

अंगणाच्या कोपऱ्यात किल्ला झकास झाला होता. दगडविटांवर चिखल लिंपलेला, उतारावर अळीव उगवून हिरवेगार झालेले, माथ्यावर सिंहासनावर महाराज, बुरुजाबुरुजांवर मावळे, आणि पायथ्याशी एक वाटी पुरून केलेले पाण्याचे तळे. परंतु दरवाजाबाहेर एक निराळाच शिपाई उभा दिसला. डोक्यावर तुऱ्याचे शिरस्त्राण, हातात लांब भाला, अंगात गुडघ्यापर्यंतचा झगा.

"हा कोण रे?" मी धाकट्या भाच्याला विचारले.

"हा यवन आहे, मामा. सिकंदराचा शिपाई. त्याला आत येऊ द्यायचे नाही."

थोरली भाची लगेच फणकारली, "काहीतरीच याचे! सिकंदर पंजाबातून परत गेला. त्याची माणसे आपल्या पुणे जिल्ह्यात कशाला येतील?"

दोघेही माझ्याकडे निवाड्यासाठी पाहू लागली. मी म्हटले, "बाळांनो, तुम्ही दोघेही थोडे बरोबर आणि थोडे चूक आहात. यवन पुणे जिल्ह्यात आले होते. परंतु ते दरवाजाबाहेर भाला घेऊन उभे राहिले नाहीत."

मग फराळाचे ताट पुढे ओढून त्यांना जी हकिकत सांगितली, तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

शाळेतल्या पुस्तकातले ग्रीक

प्राचीन ग्रीस म्हटले की आपल्यापुढे प्रथम उभी राहतात ती लढवय्यांची नावे. इ. स. पूर्व ४९० मध्ये इराणच्या प्रचंड साम्राज्याचे सैन्य अथेन्सजवळ मॅरेथॉनच्या मैदानावर उतरले. अथेन्सचा सेनानी मिल्टायडिस याने आपल्या रांगेचा मध्यभाग मुद्दाम पातळ ठेवला आणि दोन्ही टोके भक्कम केली. इराणी मधून आत घुसले आणि दोन्ही बाजूंनी चेंगरले गेले. हिरोडोटस सांगतो की, इराणचे ६,४०० लोक पडले आणि अथेन्सचे अवघे १९२.

दहा वर्षांनी, इ. स. पूर्व ४८० मध्ये, इराणचा बादशहा झर्क्सिस स्वतः आला. थर्मोपिलीच्या चिंचोळ्या खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनिडास आपले तीनशे योद्धे आणि इतर नगरांचे काही हजार लोक घेऊन उभा राहिला. एफियाल्टिस नावाच्या फितुराने शत्रूला डोंगरातली आडवाट दाखवली, तेव्हा लिओनिडासने बहुतेकांना परत पाठवले. ते तीनशे आणि त्यांच्याबरोबर थेस्पिया नगरीचे सातशे लोक मात्र मागे राहिले आणि तेथेच पडले. ह्या सातशेंचे नाव जग सहसा घेत नाही, ही त्यातली एक खंत. आपल्याकडे १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजी प्रभू देशपांड्यांनी घोडखिंड लढवली, तेव्हापासून ती पावनखिंड झाली. मराठी लेखकांना बाजींची आठवण झाली की लिओनिडास आठवावा, हे साहजिकच होते.

त्याच वर्षी थेमिस्टोक्लिसने सलामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमार बुडवले. लॉरियनच्या खाणीत चांदी सापडली, तेव्हा ती नागरिकांत वाटून टाकण्याऐवजी तिची गलबते बांधा, असा आग्रह त्यानेच धरला होता. आणि दैवाची गंमत पाहा! ह्याच थेमिस्टोक्लिसला पुढे त्याच्या नगरीने हद्दपार केले आणि ज्या इराणला त्याने हरवले, त्याच इराणच्या बादशहाच्या आश्रयाने त्याला अखेरचे दिवस काढावे लागले.

युद्धकलेच्या दृष्टीने पाहिले तर ह्या सर्वांहून मोलाचा माणूस म्हणजे थीब्जचा एपामिनोंडास. इ. स. पूर्व ३७१ मध्ये ल्युक्ट्रा येथे त्याने स्पार्टाचा माज उतरवला. सारी फौज सारख्या जाडीने पसरायची हा तोवरचा शिरस्ता. एपामिनोंडासने डाव्या बाजूला एकामागे एक पन्नास माणसांची फळी रचली, उजवी बाजू मागे रोखून धरली आणि शत्रूच्या सर्वांत बळकट भागावरच घाव घातला. त्यानंतर थोड्याच वर्षांत थीब्जमध्ये ओलीस म्हणून राहिलेला मॅसिडोनियाचा एक राजपुत्र ही नवी विद्या डोळ्यांत साठवीत होता. त्याचे नाव फिलिप. सिकंदराचा बाप तो हाच.

फिलिपने आपल्या पायदळाला सुमारे अठरा फूट लांबीचा भाला दिला. तीन माणसे एकावर एक उभी केली तर जेवढी उंची होईल, तेवढा! तो दोन्ही हातांनी पेलावा लागे, म्हणून ढाल लहान करून खांद्याला अडकवलेली. सोळा-सोळा रांगांची ही फळी चालू लागली म्हणजे पहिल्या पाच रांगांची भाल्यांची टोके समोरच्याच्या छातीला भिडत. समोरून तिच्यावर जाणे म्हणजे साळिंदराला मिठी मारणे. मात्र जमीन सपाट हवी आणि रांग मोडता कामा नये, हीच तिची दुखरी जागा होती.

वितस्तेच्या काठी

ही फळी घेऊन सिकंदर इ. स. पूर्व ३२६ मध्ये वितस्तेच्या, म्हणजे झेलमच्या, काठावर आला. पलीकडे पुरू राजा हत्ती घेऊन उभा. एरियन नावाचा ग्रीक इतिहासकार हत्तींची संख्या दोनशे देतो. घोड्यांना हत्तींचा वास सोसत नाही. तेव्हा समोरासमोर नदी ओलांडणे शक्य नव्हते. सिकंदराने रोज रात्री काठाकाठाने आरडाओरड करीत फौज फिरवली. पुरू पहिल्या पहिल्यांदा धावत आला, मग कंटाळला. एका वादळी रात्री क्रॅटेरस ह्या सरदाराला छावणीत ठेवून सिकंदर सुमारे सतरा मैल वरच्या अंगाला गेला आणि विजांच्या कडकडाटात नदी उतरला.

पुढची लढाई आपणा सर्वांना ठाऊक आहे. जखमी हत्ती आपपर विसरून दोन्ही बाजूंची माणसे तुडवू लागले. पुरू अखेरपर्यंत हत्तीवरून लढला आणि पकडला गेल्यावरही राजासारखाच बोलला. सिकंदराने त्याचे राज्य त्याला परत दिले. परंतु ह्या लढाईने मॅसिडोनियाच्या शिपायांच्या मनात हत्ती कायमचा बसला. बियासच्या काठावर, पुढे गंगेकडे हजारोंनी हत्ती आहेत असे कानांवर आले, तेव्हा त्यांनी चक्क पाय रोवले. सीनस नावाच्या सेनानीने सर्वांच्या वतीने राजाला सांगितले की, आता घरी चला. जग जिंकणारा माणूस तंबूत रुसून बसला आणि मग परतला. तीन वर्षांनी, इ. स. पूर्व ३२३ मध्ये, बाबिलोन येथे तो वारला, तेव्हा त्याला तेहतिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

येथवर भाचीचे म्हणणे खरे. सिकंदर पंजाबातून परतला. विंध्याच्या अलीकडे त्याचे पाऊल पडले नाही.

राजा गेला, माणसे राहिली

परंतु राजे परततात, तेव्हा सगळी माणसे परतत नाहीत. सिकंदराच्या पूर्वेकडील मुलखाचा वारस सेल्यूकस. तो इ. स. पूर्व ३०५ च्या सुमारास पुन्हा सिंधूकडे आला, तेव्हा त्याची गाठ चंद्रगुप्त मौर्याशी पडली. तह झाला, काबूल-कंदाहारकडील प्रांत चंद्रगुप्ताला मिळाले आणि सेल्यूकसला पाचशे हत्ती. ज्या हत्तींना सिकंदराचे शिपाई भ्याले, तेच हत्ती सेल्यूकसने पश्चिमेला नेले आणि इ. स. पूर्व ३०१ मध्ये इप्ससच्या रणांगणात त्यांच्या जोरावर जय मिळवला. त्याचा वकील मेगास्थेनिस पाटलिपुत्रात येऊन राहिला. पुढे चंद्रगुप्ताच्या नातवाने, सम्राट अशोकाने, आपल्या शिलालेखात पाच यवन राजांची नावे कोरवली, ती त्यांना जिंकल्याची नव्हेत, तर त्यांच्याकडे धर्माचा संदेश पाठवल्याची.

सिंहलद्वीपाच्या महावंस ह्या ग्रंथात एक मोठी सुंदर गोष्ट नोंदलेली आहे. अशोकाच्या काळी निरनिराळ्या देशांत धर्मोपदेशक गेले. आपल्या अपरान्तात, म्हणजे कोकणच्या बाजूला, जो भिक्षू आला त्याचे नाव धम्मरक्खित. आणि ग्रंथ त्याला 'योन' म्हणतो. योन म्हणजेच यवन. ही परंपरा प्रमाण मानली, तर आपल्या किनाऱ्यावर नावानिशी आलेला पहिला यवन हातात भिक्षापात्र घेऊन आला!

त्यानंतर बल्ख प्रांतातील ग्रीक राजांनी हिंदुकुश ओलांडला. त्यांत प्रथम डेमेट्रियस. मग मिनँडर, ज्याला आपण मिलिंद म्हणतो. यवनांनी साकेताला आणि माध्यमिका नगरीला वेढा घातल्याचे उदाहरण पतंजलीने व्याकरण शिकवताना दिले आहे. म्हणजे ती गोष्ट त्या काळी ताजी होती. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला हा मिलिंद लढवय्या होता खरा. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो एका संभाषणामुळे. नागसेन भिक्षूला त्याने विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथात आहेत. हजार रणांगणे पाहिलेला राजा एका संन्याशापुढे बसून विचारतो की, 'मी' म्हणजे नेमके काय? प्लूटार्क सांगतो की, तो वारल्यावर त्याच्या रक्षेसाठी नगरानगरांत भांडण लागले आणि अखेर ती सर्वांनी वाटून घेतली. मृत्यूनंतर आपल्या राखेसाठी प्रजेने भांडावे, असे भाग्य किती जेत्यांच्या वाट्याला येते?

आणखी एक यवन विदिशेचा. तक्षशिलेचा हेलिओडोरस, अँटिआल्किडस ह्या ग्रीक राजाचा वकील. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस त्याने विदिशेजवळ बेसनगर येथे वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि स्तंभावर स्वतःला भागवत म्हणवून घेतले. तो स्तंभ आजही उभा आहे.

'यवन' ह्या शब्दाची भटकंती

आता भाच्याच्या शब्दाकडे वळू. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीक वस्तीचा प्रांत होता. इराणी लोक त्यावरून ग्रीकांना 'यौन' म्हणत. संस्कृतात 'यवन' आणि प्राकृतात 'योन' झाले. पाणिनीलाही हा शब्द ठाऊक होता. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कोणालाही तो लागू लागला, आणि शिवकालापर्यंत ग्रीकांचे स्मरण पार पुसले जाऊन 'यवन' म्हणजे परधर्मी राज्यकर्ता, शत्रू, एवढाच अर्थ उरला. भाच्याने शिपायाला दरवाजाबाहेर उभे केले ते ह्याच अर्थाने. एका शब्दाने दोन हजार वर्षांत केवढी मजल मारली!

मौज अशी की, आपण ज्या भाषेत त्याला बाहेर थांब म्हणतो, त्या भाषेत तो केव्हाच शिरून बसला आहे. पत्रिका मांडताना आपण 'केंद्र' म्हणतो आणि 'होरा' पाहतो; हे दोन्ही शब्द ग्रीक ज्योतिषातून आले. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ठेवलेला 'दाम' हा ग्रीकांच्या द्राख्मा नाण्याचा वंशज. मुळात त्याचा अर्थ मूठभर. आणि गडाचा तट उडवणारा 'सुरुंग'? तोही ग्रीकांच्या 'सिरिंक्स' ह्या शब्दापासून आला, असे बहुतेक विद्वान मानतात. मूळ अर्थ पोकळ नळी, मग जमिनीखालची वाट. म्हणजे भाच्याच्या किल्ल्यात महाराजांचा खजिना आणि गडाचा सुरुंग, दोन्ही यवनांची नावे घेऊन बसलेले!

आपल्या जिल्ह्यातले यवन

इसवी सनाच्या पहिल्या शतकाकडे येऊ. मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन मिसरमधल्या ग्रीक व्यापाऱ्यांची जहाजे भडोच, सोपारा, कल्याण, चौल ह्या बंदरांकडे येत. त्या काळी एका ग्रीक खलाशाने लिहिलेली वाटाडी पोथी उपलब्ध आहे. तीत पैठण आणि तेर ह्या आपल्या बाजारपेठांची नावे आहेत. कल्याणला आलेली ग्रीक जहाजे राजकीय भांडणामुळे पहाऱ्यात भडोचला नेली जात, ही तक्रारही तीत आहे. आणि एक नोंद वाचून तर अंगावर काटा येतो: भडोचच्या बाजारात अजून मिनँडरची जुनी नाणी चालतात! राजा जाऊन दोनशे वर्षे लोटली, त्याचे राज्य बुडाले, पण त्याचा दाम वाण्याच्या गल्ल्यात खणखणत होता.

बंदरातून माल घाटावर चढे तो नाणेघाटाने जुन्नरला आणि बोरघाटाच्या बाजूने मावळात. ह्याच वाटांवर सातवाहनांच्या काळात लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहात वाचकांपैकी पुष्कळ जण एकवीरेच्या दर्शनाच्या निमित्ताने डोकावले असतील. सुमारे १२४ फूट लांबीचे ते दालन, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांबांची ओळ, खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि वर दोन हजार वर्षे टिकलेल्या लाकडी कमानी. पुढच्या वेळी गेलात तर मान वर करण्यापूर्वी खांबांच्या अंगावर नजर टाका. ब्राह्मी लिपीत ओळी कोरल्या आहेत. त्यांतल्या अनेक ओळी सांगतात की, हा खांब म्हणजे धेनुकाकटच्या अमुक यवनाचे दान.

नावे काय आहेत? सीहधय, यसवधन, धमधय. संस्कृतात नेली तर सिंहध्वज, यशोवर्धन, धर्मध्वज अशी होतील. नाव आपले, भाषा आपली प्राकृत, धर्म इथलाच. परकेपणाची खूण म्हणून उरला तो 'यवन' हा एक शब्द. ह्यावरून विद्वानांत वादही झाले. कोणी म्हणतात, हे खरोखर ग्रीक वंशाचे. कोणी म्हणतात, यवनांशी व्यापार करणारे किंवा त्यांच्या वस्तीतले हे इथलेच लोक. वाद विद्वानांना लखलाभ असो. आपल्याला एवढे पुरे की, दगडावर आपली ओळख कोरवून घेताना त्यांना 'यवन' म्हणवून घेण्यात संकोच वाटला नाही, आणि ती ओळख तिथे राहू देण्यात इथल्या भिक्षुसंघालाही वाटला नाही.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत तर आणखी तीन यवन भेटतात. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा अशा डोंगरांनी वेढलेले हे गाव. जेथे महाराजांचा जन्म झाला, त्या शिवनेरीच्या कड्यातही बौद्ध लेणी आहेत. ह्या परिसरातल्या लेखांत चंद नावाच्या यवनाने लेण्याच्या दर्शनी भागाचे दान दिले. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. आणि इरिल नावाच्या यवनाने दिली 'बे पोढियो', म्हणजे पाण्याची दोन टाकी.

इरिल हे नाव मात्र काही केल्या आपल्याकडचे वाटत नाही! हा कोण, कुठला, जहाजाने आला की वायव्येकडून पायी, त्याचा धंदा कोणता, ह्यांतले काहीच त्याने लिहिले नाही. त्याने लिहिले एवढेच, की दोन टाकी दिली. आजोबाने लढाई मारली असेलही. ती त्याने दगडावर घातली नाही.

एकाच डोंगरावरचे दोन लेख

ह्या हकिकतीतला सर्वांत चटका लावणारा भाग नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. तेथील तिसऱ्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. दुसऱ्या शतकातला हा लेख. आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगताना ती माता अभिमानाने म्हणते की, त्याने शक, यवन आणि पह्लव यांचा नाश केला. आईने लिहवलेली वीरगाथा ती! तिच्यातला प्रत्येक शब्द तिच्या दृष्टीने खरा.

त्याच डोंगरात, थोड्याच अंतरावर, सतराव्या क्रमांकाचे लेणे आहे. ते कोरवणारा म्हणतो की, मी उत्तरेकडचा, दत्तामित्री नगरचा योनक, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त. आईबापांसाठी मी हे लेणे, त्यातले चैत्यगृह आणि पाण्याची टाकी करवली. आणि त्याचा पुत्र धम्मरक्षित ह्याचेही नाव सोबत आहे. दत्तामित्री हे नाव डेमेट्रियस राजावरून पडले, असे विद्वान सांगतात. पाहा, हिंदुकुश ओलांडून आलेल्या त्या जेत्याचे नाव महाराष्ट्रात पोहोचले ते कसे? त्याच्या नावाच्या गावातल्या एका माणसाने आईबापांच्या पुण्यासाठी टाकी खोदवली म्हणून!

एक लेख यवनांना मारल्याचा, दुसरा यवनाने पाणी दिल्याचा. दोन्ही एकाच खडकात. यवनांशी वैर होते म्हणून कोणी इंद्राग्निदत्ताचा लेख खरवडून टाकला नाही, आणि यवनाने दान दिले म्हणून कोणी राजमातेचा अभिमान पुसला नाही. इतिहास असा दोन्ही हातांनी जपावा लागतो. आपण एकच हात वापरतो, आणि तो बहुधा तलवारीचा असतो.

दगडावर काय कोरावे?

अथेन्सचा थोर नाटककार एस्किलस मॅरेथॉनला लढला होता. त्याचा भाऊ तेथेच पडला. इ. स. पूर्व ४५६ मध्ये एस्किलस सिसिलीत वारला. त्याच्या थडग्यावरचा म्हणून जो लेख सांगितला जातो, त्यात त्याच्या नाटकांचा उल्लेखच नाही; तो मॅरेथॉनला शौर्याने लढला, एवढेच त्यात आहे. ज्या नाटकांनी तो अमर झाला ती दगडाला सांगावीशी वाटली नाहीत. लढलो, हे सांगावेसे वाटले.

आणि त्याच भाषेच्या, निदान त्याच नावाच्या लोकांचा हा इरिल. पाच-सहाशे वर्षांनंतर, हजारो मैलांवर, सह्याद्रीच्या कड्यावर त्याला दगडाशी बोलायची संधी मिळाली, तेव्हा तो म्हणाला की, मी पाणी दिले.

ह्यांत थोर कोण, असा प्रश्न मी विचारणार नाही. लिओनिडास खिंडीत उभा राहिला नसता, तर एस्किलसच्या नगरीत नाटके झाली असती की नाही, कोण जाणे. बाजी प्रभू उभे राहिले नसते तर स्वराज्याचे काय झाले असते, हे मराठी माणसाला सांगायला नको. भाला लागतो, आणि तो पेलणारा मर्दही लागतो. प्रश्न एवढाच की, आपण मुलांच्या हातांत देतो तो इतिहास भाल्यापाशीच का संपावा? मिल्टायडिसपासून सिकंदरापर्यंतची नावे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. आणि ज्या यवनाने आपल्याच जिल्ह्यात टाकी खोदवली त्याचे नाव परीक्षेत कोणी विचारीत नाही.

वडगावच्या माणसांना तरी टाक्याचे मोल सांगावे लागत नाही. हा सारा पट्टा मूळचा अवर्षणाचा. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात माणसे-गुरे देशोधडीला लागली. त्यानंतर, १८८५ च्या सुमारास, नीरा डावा कालवा वाहू लागला, आणि मग कुठे ह्या मातीत ऊस उभा राहिला. ह्या मुलखात किती राजांच्या फौजा आल्या आणि गेल्या, ते बखरीत पाहावे लागेल. पण पाण्याची पाळी कोणत्या दिवशी, ते घरातल्या पोराटोरालाही ठाऊक असते.

माझी हकिकत संपेस्तोवर चकल्या संपल्या होत्या आणि बहीण पणत्या लावायला उठली होती. धाकट्याने बराच वेळ काही विचार केला. मग विचारले,

"मामा, त्या इरिलची टाकी अजून आहेत?"

"जुन्नरच्या डोंगरांत टाकी पुष्कळ आहेत. पावसाळ्यानंतर त्यांत पाणीही साठते. तुला नेईन एकदा."

"भाला होता त्याच्याकडे?"

"असेलही. त्याने लिहिलेले नाही."

तो उठला आणि किल्ल्यापाशी जाऊन बसला. तुऱ्याच्या शिपायाला त्याने दरवाजाबाहेरून उचलले. आता त्याला आत घेतो की फेकून देतो, म्हणून आम्ही पाहत राहिलो. त्याने त्याच्या हातातला भाला काढण्याचा प्रयत्न केला. तो निघेना, साच्यातच ओतलेला. शेवटी त्याने शिपाई तसाच भाल्यासकट नेऊन वाटीच्या तळ्याकाठी उभा केला.

"भाला राहू दे," थोरली म्हणाली. "टाक्याची राखण करील."

बहिणीने एक पणती तळ्याशेजारी ठेवली.